सात नंबरची फुंकर

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही, आणि जिला मी माझ्या सासूबद्दलचं सगळं — अगदी सगळं — सांगते त्या मैत्रिणीलाही नाही. आत्ता लिहायला बसले, तरी दोनदा उठून गॅस बंद आहे का ते बघून आले. बंद होता. बंद आहे हे मला माहीत होतं. ताकाला जाऊन भांडं लपवायची सवय जुनी आहे माझी. तेव्हा मी आडवळणं घ्यायला लागले तर समजूतदारपणा दाखवू नकोस, सरळ चिडून घे माझ्यावर. मी तर रोजच चिडते.

आधी माझं काम सांगते, कारण चिडचिड तिथूनच सुरू होते. मी अंधेरीच्या एका कॉलेजात संशोधन कसं करावं हे शिकवते. विषय तसा रटाळ, पण त्यातलं एक लेक्चर माझं गाजलेलं आहे — पूर्वग्रहावरचं. संशोधकाला जे उत्तर हवं असतं ते त्याच्या नकळत आकड्यांत कसं शिरतं, आणि शिरू नये म्हणून काय करायचं. मुलुंडहून, घाटकोपरहून, बोरिवलीहून बोलावणी येतात त्यासाठी. फळ्यावर काही लिहायच्या आधीच मी म्हणते, ‘आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं. एवढं कळलं की लेक्चर संपलं.’ पोरं हसतात. मग मी समजावते. नावडता निकाल आला की आपण तो दहादा तपासतो. यंत्र बिघडलं असेल, माणूस चुकला असेल, हवा दमट असेल. आवडता निकाल आला की चहा मागवतो. तेव्हा तपासायचं तर दोन्ही सारखंच तपासा, नाहीतर दोन्ही सोडून द्या.

किती सोपं आहे ना? मी हे इतकं छान सांगते की मला माझाच संताप येतो.

त्या लेक्चरमध्ये मी एक कबुलीही देते. हो — दर वेळी. ‘मीही एकदा चुकले होते,’ म्हणते आणि थोडी थांबते. मग सांगते की बी.एस्सी.ला असताना खताच्या प्रयोगात, खत घातलेल्या कुंड्या मी नकळत खिडकीच्या बाजूला ठेवल्या होत्या, उन्हात. रोपं वाढली उन्हाने, आणि मी श्रेय दिलं खताला. पोरांना आवडतं. मॅडम किती प्रामाणिक, असं वाटतं त्यांना. गोष्ट खरीच आहे. पण ती सांगताना माझं काही जात नाही, आणि ती सांगून टाकली की दुसरी कुणी विचारत नाही. कुंड्यांच्या आड लपून मी आठ वर्षं काढली आहेत.

दुसरी गोष्ट मरोळची आहे.

मी पीएच.डी. करत होते. मरोळच्या गाळ्यांमध्ये स्टीलच्या नळांना पॉलिश करायचं काम चालतं. फिरत्या चाकावर नळ धरायचा, चाक त्याला घासतं, नळ आरशासारखा होतो आणि बारीक काळी धूळ माणसाच्या छातीत जाते. आमच्या सरांनी ती धूळ चाकापाशीच खेचून घेणारे पंखे तयार केले होते. माझा अभ्यास एवढाच — पंखे बसवायच्या आधी कामगारांचा श्वास मोजायचा, वर्षभराने परत मोजायचा, आणि फरक पडला का ते सांगायचं. श्वास मोजायचं यंत्र असतं. नळीला तोंड लावायचं, छाती भरून घ्यायची आणि जीव खाऊन फुंकायचं. तीनदा. यंत्रातून आलेखाची चिठ्ठी बाहेर येते. गाळ्यात सगळे त्याला फुंकरच म्हणायचे. ‘मॅडम, आज माझी फुंकर घेता ना?’

पहिल्या फेरीत एक दत्ताराम गुरव होता. चाळिशीचा, देवगडकडचा, हसरा. चाक नंबर सात. तो फुंकायला गेला आणि अर्ध्यातच खोकल्याने वाकला. पाणी प्यायला, परत फुंकला, परत वाकला. मी म्हटलं, राहू दे, बसा जरा. तर तोच ओशाळला. ‘काय करू मॅडम, दम पुरणा नाय,’ म्हणाला — जणू माझं यंत्र बिघडवलं होतं त्याने. त्याची चिठ्ठी वाईट आली. मी ती फॉर्मला टाचली आणि मनात म्हटलं, याच्यासाठी तरी हे पंखे चालायला हवेत.

इथेच थांब जरा. हे वाक्य बघ — चालायला हवेत. पाहिलंस? मला पैसा नको होता, बढती नको होती. मला त्यांचं भलं हवं होतं. लोकांना वाटतं, पूर्वग्रह म्हणजे लबाडी, कंपनीकडून पाकीट वगैरे. कसलं पाकीट! पंखे चालावेत असं मला मनापासून वाटत होतं, आणि म्हणूनच ते चालतात की नाही हे बघायला सगळ्यात नालायक माणूस मीच होते. पण ते तेव्हा कोण सांगणार? आणि सांगितलं असतं तर मी ऐकणार होते का?

अजून एक गोष्ट मीच करून ठेवली होती. गाळ्यात चार गुरव, तीन तावडे, दोन विलास. फॉर्म एकमेकांत मिसळायला लागले, म्हणून मी सुटसुटीत उपाय काढला — फॉर्मच्या आत नाव राहिलं, पण यादी लावली चाकाच्या नंबराने. सात म्हणजे दत्ताराम. आठ म्हणजे त्याच्या शेजारचा. सरांनी शाबासकी दिली होती. किती व्यवस्थित मुलगी.

वर्ष गेलं. पंखे घरघरत होते. मी यंत्र घेऊन परत गेले. मुकादम यादी वाचायचा आणि एकेक जण हात पुसत यायचा. पहिल्या सहांतल्या दोघांची फुंकर गेल्या वर्षीपेक्षा खाली आली. मी त्यांना म्हटलं, ‘ओठ घट्ट धरा. नीट फुंका. परत.’ दोनदा, चारदा, एकाला तर पाचव्यांदा — आकडा थोडा वर चढेपर्यंत. ज्यांची आपोआप वर आली त्यांना म्हटलं, ‘झालं, छान.’ यात खोटं काय होतं? काहीच नाही. प्रत्येक फुंकर खरी होती. मी फक्त ठरवत होते की कुणी किती वेळा फुंकायचं.

मग मुकादमाने हाक मारली, ‘सात नंबर, गुरव!’

आला तो दत्ताराम नव्हता. पंचविशीचा पोरगा होता, तसाच हसरा. मी विचारलं, ‘दत्ताराम कुठाय?’

‘दादा गावी गेलाय. बरं नाही त्याला. मी विलास, धाकटा. त्याच्या जागेवर आलोय.’

‘कधीपासून?’

‘झाला की महिना. शिकतोय अजून. कुठे फुंकू?’

आता, ज्याला हे माहीत नाही त्याला सांगते. आमच्या कोकणातल्या माणसांत हे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं आहे. माणूस आजारी पडला की गावी जातो, आणि जाताना भाऊ नाहीतर पुतण्या आपल्या जागी उभा करून जातो. जागा मोकळी ठेवली तर शेठ दुसऱ्याला घेईल ना! माझा बाप गिरणीत होता. सहा वर्षं दुसऱ्यांच्या बदलीवर खाडे भरत होता, आणि शेवटी तो आजारी पडला तेव्हा माझा काका त्याच्या जागी उभा राहिला. मी ते घरात बघत वाढले. कुणी साहेबाची मुलगी असती, तिला कळलं नसतं की सात नंबरवर आता कायमचा दुसरा माणूस आहे. मला कळलं. मला हेही कळलं, तिथेच, यंत्र हातात असताना, की असे आणखी असणार. जे थकले ते गावी गेले असणार, आणि त्यांच्या जागी ताज्या छातीची पोरं आली असणार. माझ्या यादीत मात्र नंबर तेच.

नियम काय होता? नियम मीच लिहिला होता. माणूस बदलला असेल तर फॉर्म रद्द. गेलेल्याच्या घरी फोन करायचा, का गेला ते नोंदवायचं, जमलं तर गाठून मोजायचं. माझ्याकडे नंबर होता दत्तारामचा. त्याच्या बायकोचाही होता.

मी विलासला म्हटलं, ‘ये, फुंक इथे.’

का म्हटलं? म्हटलं, यंत्र चालू आहे, घेऊन ठेवू, वेगळा फॉर्म नंतर करू. त्याने छाती भरून घेतली आणि असा फुंकला की आलेख कागदाबाहेर जातो की काय असं वाटलं. मुकादमाने शिट्टी मारली. मी चिठ्ठी घेतली आणि सात नंबरच्या फॉर्मला टाचली. नंतर वेगळा फॉर्म केलाच नाही.

आणि त्याच्या पुढचं — हे मी आजवर स्वतःलाही नीट सांगितलेलं नव्हतं. आठ नंबरपासून मी नावं विचारणं बंद केलं. माणूस समोर आला की खाली यंत्राकडे बघायचं. नंबर, फुंक, झालं. किती बदलीचे होते ते मला माहीत नाही. माहीत होऊ नये याची मी काळजी घेतली. पहिल्या फेरीला काढलेले फोटो होते, तेही उघडले नाहीत. शेवटचा माणूस होईपर्यंत मान वर केली नाही.

निकाल झकास आला. श्वास सुधारला! आणि सगळ्यात जास्त सुधारला तो कुणाचा? सात नंबरचा. सर त्या आकड्यावर बोट ठेवून म्हणाले, ‘बघ, म्हटलं नव्हतं?’ त्यांना काहीच माहीत नव्हतं, त्यांच्यावर मी काही ढकलत नाही. आम्ही चहा मागवला.

निबंध छापून आला. मला पीएच.डी. मिळाली, मग नोकरी, मग कांदिवलीत घर. गाळ्याच्या मालकाने माझ्या निष्कर्षाचा मराठी कागद दारावर लावला — पंख्यांमुळे कामगारांच्या श्वासात सुधारणा. पुढच्या महिन्यापासून मास्क द्यायचं बंद केलं. पंखे आहेत ना, आता मास्क कशाला? आजूबाजूच्या गाळ्यांनीही तसंच केलं. हे मला मुकादमाने फोनवर सांगितलं, कौतुकाने. मी ‘अच्छा’ म्हणाले. मला वाटतं, ‘अच्छा’ हा मी आयुष्यात उच्चारलेला सगळ्यात हलकट शब्द असेल.

एक सांगू? पंखे खरंच चालतात की नाही, हे मला आजही माहीत नाही. कदाचित चालत असतील. थोडे चालत असतील. कुणालाच माहीत नाही, कारण मी शोधून काढलं असं सगळ्यांना वाटतं. आता कोण परत मोजणार?

एवढंच असतं तर, तुझ्याशी खरं बोलते, मी कदाचित लिहायला बसले नसते. निगरगट्ट झाले होते मी. पण गेल्या वर्षी विलास आला.

कॉलेजात आला. शिपायाने त्याला बाहेर उभं करायच्या ऐवजी, दम लागलेला दिसतोय म्हणून, वर्गातच शेवटच्या बाकावर नेऊन बसवलं. माझं तेच लेक्चर चालू होतं. मी बाब्याची म्हण सांगितली, पोरं हसली, आणि शेवटच्या बाकावरून खोकला आला. मी मान वर केली. तेहतिशीचा माणूस असेल. गळ्याची हाडं वर आलेली, खांदे श्वासागणिक उचलले जात होते. चेहरा मी लगेच ओळखला. दत्तारामचाच होता तो, पहिल्या फेरीतला.

मी थांबले का? छे. कुंड्यांची गोष्टसुद्धा सांगितली. थांबत थांबत, नेहमीसारखी.

वर्ग सुटल्यावर तो पुढे आला. ‘छान शिकवता तुम्ही, मॅडम,’ म्हणाला. ‘अर्धं इंग्रजी डोक्यावरून गेलं, पण कळत होतं.’ मग दत्तारामचं सांगितलं. दादा गेला. गावीच वारला. वहिनी तिथेच असते. तो हे इतक्या साधेपणाने बोलत होता की मला त्याच्यावरही राग आला — ओरडत का नाही हा माणूस?

त्याला माझ्याकडून एकच गोष्ट हवी होती. डॉक्टर म्हणतात की छाती धुळीने गेली आहे. शेठ म्हणतो, धुळीने कशी जाईल, दारावर कागद आहे बघ. तुझ्या भावाची पण तशीच होती, तुमच्या घराण्यातच असेल, गावाहूनच घेऊन आला असशील. डॉक्टरांनी विचारलं होतं, कामाला लागलास तेव्हाची काही तपासणी आहे का? एखादा जुना कागद असेल, तर आधी छाती चांगली होती हे मी लिहून देतो. मग तुझा आजार कामातून आला असं धरावंच लागेल, आणि तुला चाकावरून हलवून पॅकिंगला बसवावं लागेल. विलासला आठवलं की आपण एकदा फुंकलो होतो.

‘तुम्ही घेतली होती ना माझी फुंकर? मुकादमाने शिट्टी मारलेली बघा. तुमच्याकडे असेल ती.’

होती. आहे. माझ्या कपाटात, खालच्या खणात, निळ्या फाइलीत. त्या क्षणी तो वर्गातल्या टेबलापाशी उभा होता आणि माझं कपाट दोन दारं पलीकडे होतं. पण ती चिठ्ठी सात नंबरच्या फॉर्मला टाचलेली आहे. ती काढून दिली असती तर डॉक्टरांनी विचारलं असतं, यावर दुसऱ्याचं नाव का? मग सगळंच निघालं असतं — फॉर्म, यादी, निबंध, पीएच.डी., हे लेक्चर. मी किती वेळ विचार केला असेल? तू म्हणशील, घाबरली असेल, गोंधळली असेल, तोंडातून निघून गेलं असेल. नाही. मी नीट विचार केला. पाण्याची बाटली उघडली, एक घोट प्यायले, झाकण लावलं.

मग म्हणाले, ‘नाही रे. जुने कागद आम्ही पाच वर्षांनी नष्ट करतो. नियमच आहे तसा.’

असा काही नियम नाही.

तो म्हणाला, ‘असू दे मॅडम. तुम्ही तरी काय करणार?’ आणि वर मलाच विचारलं, ‘तुमची पुढची तासिका चुकत नाही ना माझ्यामुळे?’ मी त्याला चहा विचारला. नको म्हणाला, दुपारपाळीला जायचं होतं. चाकावर. मी त्याचा फोन नंबर घेतला, काही सापडलं तर कळवते म्हणाले. हेसुद्धा म्हणाले. तो नंबर अजून माझ्या फोनमध्ये आहे, ‘विलास मरोळ’ म्हणून.

त्यानंतर ते लेक्चर मी चार वेळा दिलं आहे. परवा एका मुलीने शेवटी विचारलं, मॅडम, एखाद्याला स्वतःचा पूर्वग्रह दिसला तर त्याने पहिली गोष्ट काय करायची? चुणचुणीत मुलगी आहे. मी तिला म्हटलं, ज्याचं नुकसान झालं असेल त्याला आधी सांगायचं. वर्गाने लिहून घेतलं.

ती चिठ्ठी मी काल काढून बघितली. शाई फिकी झाली आहे, पण आलेख वाचता येतो. निरोगी छातीचा, उंच, स्वच्छ. फॉर्मवर नाव दत्ताराम शिवराम गुरव आहे, माझ्या अक्षरात. फुंकर विलासची आहे. बघून झाल्यावर मी ती परत निळ्या फाइलीत ठेवली.